गुरुवारी श्वास घेणारं शेपूट

गुरुवारी दुपारी तीन वाजता ओइवा तेर्वानिएमी अंगावरचं लोखंड उतरवायला बसायचा. आधी कमरेचा सुरा. आमच्या थेट उत्तरेकडच्या कोर्पीयोकी गावात पुरुषाच्या कमरेला सुरा दिसला नाही तर लोक त्याला घरी सगळं बरं आहे ना असं विचारतात. मग किल्ल्या, घड्याळ, पट्टा. पट्टा निघाला की पँट सुतळीने बांधायची. बुटांच्या टाचांत खिळे, म्हणून बूट काढून नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे जोडे. चष्म्याची तार पितळेची. शेवटी तो खिसे उलटे करायचा, बघायला कुणी नसतानाही, आणि साठ पावलं बर्फातून चालत त्या झोपडीत शिरायचा, जिचे खिळे तांब्याचे आणि बिजागऱ्या लाकडाच्या होत्या.

आत दगडी खांबावर एक दुर्बीण होती. दोन-अडीच तास ती उलटसुलट फिरवून पृथ्वीचं चुंबकत्व आज नेमकं कुठे तोंड करून आहे आणि किती जोरात आहे, ते तो वहीत लिहायचा. हे काम गावातल्या या चुंबकीय वेधशाळेत १९५७ पासून दर गुरुवारी चाललं होतं. त्यातली शेवटची एकोणतीस वर्षं ओइवाची. एक गुरुवार चुकला नव्हता. आई गेली तेव्हा पाद्रीबुवांनी दफनासाठी गुरुवार दिला होता. ओइवाने शुक्रवार मागून घेतला. पाद्री म्हणाले, "एवढं काय अडतं?" ओइवा म्हणाला, "आईला चालेल. नोंदीला चालणार नाही."

दुसरी झोपडी शेजारीच होती. तिच्यात माणूस नसायचा. तिथे एक यंत्र दर सेकंदाला मोजमाप करत बसलेलं असे आणि त्याला थंडी अजिबात चालत नसे. म्हणून बाहेर उणे तीस असलं तरी आत अठरा अंश. आमच्या गावात कायमचे अठरा अंश फक्त दोघांना मिळत : त्या यंत्राला आणि बँकेच्या मॅनेजरला. पुढे बँक बंद झाली. यंत्राची जास्तीची ऊब भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर पडे, आणि झरोक्याखाली एक लाकडी बाक होता. कशासाठी होता कुणास ठाऊक. सरकारी यादीत त्याचं नाव 'बाक' एवढंच होतं.

आमच्या डोक्यावर एक शेपूट आहे. सूर्याकडून सतत एक वारा सुटलेला असतो आणि तो पृथ्वीच्या चुंबकत्वाला रात्रीच्या बाजूला ओढत नेतो, चंद्राच्याही कितीतरी पलीकडे. वारा त्या शेपटात ताण भरत राहतो. शेपूट लांबतं, बारीक होतं, आणि कधीतरी मधूनच तुटतं. मागचा तुकडा अंधारात निघून जातो, पुढचा भाग पृथ्वीकडे झटकन आखडतो, आणि तो झटका ज्या थोड्या गावांवर उतरतो त्यांत आम्ही आहोत. आकाशात हिरवा उजेड सैरावैरा धावतो, ओइवाच्या कागदावरची रेघ दरीत कोसळते. तास-दोन तासांत सगळं शांत. हे उपवादळ. वादळ निराळं. सूर्य खरोखर बिथरला की ते येतं, दोन-तीन दिवस मुक्काम करतं, आणि त्या दिवसांत शेपूट एरवीपेक्षा पृथ्वीच्या पुष्कळ जवळ येऊन तुटतं, पुन्हा ताणतं, पुन्हा तुटतं. वादळ म्हणजे नुसती उपवादळांची बेरीज की आणखी काही, यावर शहाणी माणसं पन्नास वर्षं भांडताहेत. हे मला ओइवाने सांगितलं. शेपूट डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. बसलेल्या झटक्यावरून मागचा ताण ओळखायचा. ओइवाचं लग्न झालेलं नव्हतं, तरी एवढं त्याला कळत होतं.

मी जिल्ह्याच्या ग्रंथालयाची बस चालवतो. कोर्पीयोकीचा माझा वार गुरुवार, आणि माझा थांबा वेधशाळेच्या फाटकासमोर होता. होता म्हणतो, कारण या गोष्टीत पहिला बळी माझा गेला.

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ओइवाला यंत्राच्या नोंदीत एक पायरी दिसली. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला रेघ एकदम नऊ एककं वर उठायची, पंधरा-वीस मिनिटं तशीच सपाट चालायची आणि पुन्हा खाली यायची. नऊ म्हणजे काहीच नाही. शेपूट तुटतं तेव्हा रेघ पाचशे-हजारांनी कोसळते. पण हिची कड सुरीने कापल्यासारखी होती, आणि ओइवाला सुरीने कापलेलं काहीही निसर्गाचं वाटत नसे. त्याने 'शेरा' या रकान्यात लिहिलं : गुरुवार, पाच वाजता, पायरी. जवळपास लोखंड असावं. शोध चालू.

आणि शोधत तो माझ्याकडे आला.

"तुझी बस," तो म्हणाला.

"बस इथे अकरा वर्षं उभी राहते. अकरा वर्षं काही झालं नाही."

"यंदा काही जड पुस्तकं घेतलीस का?"

"ओइवा, पुस्तकं कागदाची असतात."

"तरी पण. चारशे मीटर लांब लाव. माझ्यासाठी."

मी बस चारशे मीटर लांब लावली. गावातल्या म्हाताऱ्या बायका काठ्या टेकत, बर्फात पाय रुतवत पुस्तकं बदलायला येऊ लागल्या आणि मला शिव्या देऊ लागल्या. पायरी जागच्या जागी राहिली. मग ओइवाने दूधवाल्याची वेळ बदलली, शाळेच्या मुलांच्या बर्फावरच्या घसरगाड्या मोजल्या, वेधशाळेच्या दारासमोरची जमीन खणून एक गंजलेला नाल काढला. पायरी होतीच. दर गुरुवारी तो शेऱ्याच्या रकान्यात इमानेइतबारे लिहायचा : शोध चालू.

तो शेरा कुणी वाचत नव्हतं. दक्षिणेतल्या मुख्य कचेरीने सगळ्या नोंदी कंप्युटरवर चढवल्या तेव्हा कामात सुटसुटीतपणा यावा म्हणून 'शेरा' हा रकाना काढून टाकला होता. आकडे तेवढे वर गेले. आकड्यांबद्दल ज्या माणसाला काही म्हणायचं होतं, त्याचं म्हणणं खालीच राहिलं.

त्याच वर्षी मुख्य कचेरीने खर्च कमी करायचा ठरवला आणि कोर्पीयोकीचं नाव बंद करायच्या यादीत आलं. ओइवाला पत्र मिळालं. पत्रात त्याच्या सेवेबद्दल आभार होते, त्यावरून त्याने ओळखलं. त्या दिवशी तो माझ्या बसमध्ये येऊन बसला आणि बराच वेळ हातमोजे काढत राहिला.

"साठ वर्षं," तो म्हणाला. "मधे एक फट नाही. अशा नोंदी जगात थोड्याच आहेत. एकदा फट पडली की पुढचं कितीही मोजलं तरी ते मागच्याला चिकटत नाही."

"तुला पेन्शन मिळेल की."

"मला मिळेल," ओइवा म्हणाला. "नोंदीला?"

तेव्हा प्रोफेसर ब्रोर एक्लुंड अवतरले.

एक्लुंड विद्यापीठात बसून शेपटाचा अभ्यास करत. लांबलचक माणूस, बोलताना बोटांनी हवेत वक्ररेषा काढणारा. जगभरच्या स्टेशनांचे आकडे चाळताना कोर्पीयोकीची पायरी त्यांच्या नजरेला पडली. एका मोठ्या वादळाच्या दिवशी पायरी उठली आणि बरोबर अकरा मिनिटांनी शेपूट तुटलं. त्यांनी मागचं बघितलं. पायरी वारंवार येत होती. चार-चार आठवड्यांची जुळणी फार सुरेख बसत होती, म्हणजे अठ्ठावीस दिवस. आणि सूर्य स्वतःभोवती साधारण सत्तावीस दिवसांत फिरतो. उरलेला एक दिवस शेपटाच्या लांबीमुळे लागतो, असं त्यांनी सिद्ध केलं. निष्कर्ष असा की तुटण्याआधी शेपूट क्षणभर थांबतं, स्वतःला सावरतं, जणू श्वास घेतं. हा श्वास पृथ्वीवर एकाच ठिकाणी ऐकू येतो. त्याला 'कोर्पीयोकीचा श्वास' असं नाव पडलं. तीन खंडांत त्यावर परिषदा झाल्या.

बऱ्याच गुरुवारी श्वासानंतर काहीच होत नसे. त्यांना एक्लुंडांनी 'मूक श्वास' म्हटलं. शेपटाने विचार केला आणि बेत रहित केला.

वेधशाळा यादीतून निघाली. कोर्पीयोकीत त्यांनी फोन केला तेव्हा ओइवा चाचरत म्हणाला, "प्रोफेसर, ती पायरी फक्त गुरुवारी येते."

"सुरेख!" एक्लुंड म्हणाले. "तुम्हीही नियमितता टिपलीत!"

आमच्या गावाला श्वास मानवला. तौनो लाक्कालाचं हॉटेल आहे. आधी तिथे मासेमारीला आलेले चार दारुडे उतरत. तौनोने काचेच्या छपराच्या बारा खोल्या बांधल्या आणि गुरुवारसाठी वेगळा दर लावला. लांबलांबच्या देशांतली माणसं फुगीर लाल कपडे घालून संध्याकाळी पाच वाजता काचेखाली आडवी होत आणि शेपटाच्या श्वासाची वाट बघत. तौनो घंटा वाजवायचा. "घेतला!" म्हणायचा. लोक टाळ्या वाजवायचे. काही बायका रडायच्या. एका पाहुण्याने सांगितलं की त्याला श्वास छातीत जाणवला, डाव्या बाजूला.

ओइवा या सगळ्यातून मान खाली घालून जायचा. श्वासामुळे नोंद वाचली होती, आणि नोंदीत तो श्वास त्याला काट्यासारखा सलत होता.

आता हिल्माबद्दल. हिल्मा पोर्ती वेधशाळेच्या पलीकडच्या घरात राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे गुरुवार म्हणजे वाटाण्याचं दाट सूप आणि मागून ओव्हनमधलं जाड धिरडं, जॅम लावून. सैन्यात, शाळेत, तुरुंगातही तेच. ओइवा गुरुवारी झोपडीत अडकलेला, घरी चूल थंड. म्हणून हिल्मा त्याच्यासाठी सूप आणायची, वीस वर्षं. यात प्रेम होतं का, असं गावाने पहिली पाच वर्षं विचारलं, मग गावही दमलं. ओइवाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हिल्मा, लोखंड आणू नकोस." आणि ती फाटकापाशी घसरगाडी सोडून, आंगठी काढून, केसांतल्या पिना काढून ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून सूप आणायची. पातेलं कुठे ठेवते ते ओइवाला कधी कळलं नाही. तो झोपडीतून निघेपर्यंत ती पातेलं कचेरीच्या ओट्यावर आणून, झाकण घालून गेलेली असायची. गरम कसं राहतं याचं त्याला नवल वाटे, पण ती हिल्माची विद्या आहे असं तो समजून होता.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीत, हिल्मा तीन आठवडे लेकीकडे, औलूला गेली. तीन गुरुवार श्वास बंद. तौनोच्या काचेखालून पाहुणे चिडून पैसे परत मागू लागले. एक्लुंडांनी वर्तमानपत्राला सांगितलं की सूर्य एका गाढ शांततेत शिरत आहे आणि शेपटाला धाप लागेनाशी झाली आहे. चौथ्या गुरुवारी श्वास परत आला. तौनोने मोफत दारू वाटली.

त्या चौथ्या गुरुवारी ओइवाच्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली आणि मोजमाप अर्ध्यात सोडून तो बाहेर आला. अंधारात, यंत्राच्या झोपडीच्या झरोक्याखाली, बाकावर हिल्मा बसली होती. शेजारी पातेलं. पांढरंशुभ्र, वर निळी फुलं, चिनी मातीच्या फुलदाणीसारखं. ती गरम झोतात हात शेकत होती.

"लवकर सुटलास?" हिल्मा म्हणाली. "थांब, अजून कोमट आहे. इथे वीस मिनिटं ठेवलं की छान होतं."

"हे पातेलं कुठलं?"

"नवीन आहे. नवीन म्हणजे चार वर्षं झाली. लेकीने ती इंडक्शनची शेगडी दिली ना, तिच्यावर जुनी भांडी तापतच नाहीत मेली."

ओइवा आत गेला, लाकडी पेटीतलं होकायंत्र घेऊन आला, आणि बर्फात गुडघे टेकून ते पातेल्याजवळ नेलं. सुई उत्तर सोडून वाटाण्याच्या सुपाकडे वळली.

"गुडघ्यांवर बसलायस," हिल्मा म्हणाली. "वीस वर्षांनी. आणि तेही पातेल्यापुढे."

"हिल्मा, हे लोखंड आहे."

"लोखंड? दुकानदाराला विचारून घेतलंय मी. म्हटलं, लोखंडी नको हं, आमच्याकडे चालत नाही. तो म्हणाला, बाई, हे एनॅमलचं."

"आत पोलाद आहे. नाहीतर त्या शेगडीवर तापलंच नसतं."

हिल्माने पातेल्याकडे बघितलं. ती हळू चालते, पण हिशेब तिचा चटकन होतो. "म्हणजे ती टाळ्या वाजवणारी माणसं..."

"हो."

"आणि तो लांबट प्रोफेसर..."

"हो."

"अरे देवा," हिल्मा म्हणाली. मग तिच्या तोंडावर एक भाव आला; तो पश्चात्तापाचा होता असं मी शपथेवर सांगणार नाही. "त्यांच्या उपग्रहांना सापडेना, आणि मी पातेल्याने आकाश हलवत होते की."

ओइवाला हसू आलं नाही. दोन आठवड्यांनी, गुरुवारी, मंत्रालयातून आइरी हाल्मे येणार होत्या. वेधशाळेला पुढची दहा वर्षं द्यायची की नाही हे त्या ठरवणार होत्या, आणि द्यायची ती श्वासासाठी. दहा वर्षं म्हणजे नोंद सत्तरीत जाणार होती. तोंड उघडलं तर डिसेंबरात कुलूप.

मला हे कळलं, कारण तो बसमध्ये येऊन बसला आणि या वेळी हातमोजे काढलेच नाहीत. बसमध्ये तौनो होता, आणि तौनोला कळलं म्हणजे गावाला कळलं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" तौनो म्हणाला. "पातेल्याने काय बिघडतंय? नऊ! हजारात नऊ! कुणाला लागलं? कुणी मेलं?"

"आकडा खोटा आहे."

"माझ्याकडे नऊ बायका कामाला आहेत, त्या खऱ्या आहेत. तुझी वेधशाळा चालणार आहे, तीही खरी. तुला हवं तेच मिळतंय ना? मग गप सूप पी."

"दहा वर्षं मिळतील," ओइवा म्हणाला, "आणि दहा वर्षं मी दर गुरुवारी तिथे पातेलं ठेवायचं. मुद्दाम. आत्तापर्यंत चूक होती, तौनो. पुढच्या गुरुवारपासून ती नोंद मी बनवणार."

"मग बनव की! सगळं जग काहीतरी बनवतं. मी माशाचं सूप गोठवलेल्या माशाचं करतो, तक्रार आली एकही?"

ओइवाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माझी बस तू उगीच लांब लावायला लावलीस." खरं तर मला दुसरंच काही म्हणायचं होतं. पण तीन हिवाळे म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्लेला माणूस आधी स्वतःचं बोलतो.

दोन आठवडे गाव ओइवाशी फार गोड वागलं. त्याच्या दारातला बर्फ कुणीतरी आपणहून काढला. पाद्रीबुवांनी प्रवचनात मौनाचे फायदे सांगितले. शेवटच्या बुधवारी हिल्मा त्याच्याकडे गेली, आणि हे तिनेच मला सांगितलं.

"सगळे मला सांगतात तुला समजव," ती म्हणाली. "मी काही समजवत नाही. उद्या पातेलं आणू की नको, एवढं सांग. आणायचं तर वाटाणे आत्ता भिजत टाकते."

ओइवाने खिडकीकडे बघितलं. "आण," तो म्हणाला.

हिल्माने मान हलवली. ती दारापर्यंत गेली तेव्हा तो म्हणाला, "पण मी सांगेन तेव्हा ठेव. आणि मी सांगेन तेव्हा उचल."

गुरुवारी सूर्य बिथरलेला होता. दोन दिवसांपूर्वी त्याच्यावरून काहीतरी सुटलं होतं आणि दुपारपासून वादळ आमच्यावर आलेलं होतं. ओइवाची रेघ सकाळपासून आजारी माणसाच्या नाडीसारखी चालली होती. एक्लुंड खूश होते. कचेरीतल्या पडद्यापुढे ते, आइरी हाल्मे, तौनो आणि आम्ही गावातले पाचसहाजण दाटीवाटीने जमलो. खुर्चीवर बसलेल्या आइरी हाल्मे लहान चणीच्या, नीटनेटक्या बाई; त्यांच्या मांडीवर वही होती आणि वहीत आधीच बरंच लिहिलेलं होतं.

पाचला तीन मिनिटं कमी असताना ओइवाने खिडकी उघडली. उणे चोवीसची हवा आत आली.

"हिल्मा," तो म्हणाला, "ठेव."

पडद्यावरची रेघ वादळातही स्वच्छ पायरी चढली. एक्लुंडांनी दीर्घ श्वास सोडला. तौनोने टाळी वाजवली आणि मग त्याच्या लक्षात आलं की खिडकी उघडी आहे.

"उचल."

रेघ खाली.

"ठेव."

रेघ वर.

"उचल. ठेव. उचल."

"हात भरून आले!" बाहेरून हिल्मा ओरडली. "पाच लिटर आहे हे!"

ओइवा पडद्याकडे पाठ करून उभा होता. "तिकडे यंत्र आहे," तो म्हणाला, "आणि त्याच्यापासून दोन मीटरवर सुपाचं पातेलं. चार हिवाळे. शेपटाचा याच्याशी संबंध नाही."

एक्लुंडांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. पण विद्वान माणूस पडतो तोही पायऱ्या मोजत.

"समजा पातेलं," ते म्हणाले. "पण मग वादळाच्या आधीच ते पायरी का देतं?"

"ते दर गुरुवारी देतं."

"ते मूक श्वास."

"ते सूप आहे, प्रोफेसर."

"मी एवढंच म्हणतो की पातेल्याने खऱ्या श्वासाला झाकून टाकलं असेल. खरा श्वास पातेल्याच्या मागे असू शकतो. पातेलं काढलं की तो मिळेल. मला आणखी पाच वर्षं लागतील."

आइरी हाल्मे वहीत बघत होत्या. "हे इतिवृत्तात कसं घ्यायचं?" त्या म्हणाल्या. "भेटीचा हेतू 'श्वासाची पाहणी' असा आहे. पाहणी झाली. श्वास... दिसला, पण नाही. तेर्वानिएमी, तुम्ही हे पत्राने कळवू शकला असता."

"मी चार वर्षं कळवत होतो," ओइवा म्हणाला. "शेऱ्यात."

"कुठला शेरा?"

आणि तेव्हाच रेघ कोसळली. आधी कसलाही इशारा न देता. सहाशे, आठशे, अकराशे. पडद्याची खालची कड संपली आणि कंप्युटरने मोजपट्टी बदलली. उघड्या खिडकीतून खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे हिरवे दिसू लागले. बाहेर आकाशभर पडदे फाटत होते. कडेला जांभळं, मधे पांढरं, इतकं जवळ की हिल्माने हातातलं पातेलं छातीशी धरलं होतं. कुठेतरी हजारो मैलांवर अंधारात ताणलेलं काहीतरी तुटलं होतं, आणि त्याने आमच्यापैकी कुणाला विचारलं नव्हतं.

आइरी हाल्मे उठून खिडकीपाशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि हे कुणाचं पातेलं?"

"हे शेपूट," ओइवा म्हणाला.

एक्लुंड खाली मान घालून अकरा मिनिटांपूर्वीची रेघ तपासत होते. ते बाहेर आलेच नाहीत. सूप आम्ही ओट्यावर उभ्याउभ्या प्यायलो. आइरी हाल्मे दोन वाट्या प्यायल्या, आणि मला वाटलं की आता त्या काहीतरी करतील.

त्यांनी केलं. मे महिन्यात पत्र आलं : वेधशाळा चालू ठेवण्याचं कारण श्वास हे होतं, श्वास नाही, सबब वर्षअखेर वेधशाळा बंद. तेर्वानिएमी यांच्या प्रामाणिकपणाची खात्याने विशेष नोंद घेतली आहे. ती कुठल्या रकान्यात घेतली ते लिहिलेलं नव्हतं. एक्लुंडांनी 'स्वयंपाकघरातून येणाऱ्या बाधांविषयी' दोन ओळींची दुरुस्ती छापली आणि ते एका दुसऱ्या देशातल्या स्टेशनाकडे वळले, जिथे म्हणे मंगळवारी काहीतरी होतं. तौनो महिनाभर ओइवाशी बोलला नाही. मग त्याने गुरुवारचा दर शुक्रवारवर नेला आणि घंटा वाजवत राहिला. पाहुणे अजून येतात. छातीत अजून जाणवतं.

ओइवाने उरलेले महिने एकच काम केलं. चार वर्षांतला एकेक गुरुवार उघडला, पायरीची पंधरा-वीस मिनिटं शोधली, आणि ती कापून टाकली. चुकीचे आकडे दुरुस्त करता आले असते; नऊ वजा केले की झालं. एक्लुंडांच्या मदतनिसाने तसं सुचवलंही. ओइवा म्हणाला, नऊ मी वजा केले तर ते माझे आकडे होतील. मोजलं गेलं नाही ते मोजलं गेलं नाही. ज्या नोंदीत फट पडू नये म्हणून त्याने आईचा वार बदलला, तिच्यात त्याने स्वतःच्या हाताने एकशे ब्याण्णव फटी पाडल्या. हिल्मा रोज संध्याकाळी शेजारी बसून तारखा वाचून दाखवायची. कुठल्या गुरुवारी ती आजारी होती, कुठल्या गुरुवारी सून आली होती, तिला सगळं आठवत होतं. "याला कापू नकोस," ती म्हणायची, "या दिवशी मी सूप आणलंच नव्हतं, भांडण झालं होतं आपलं." ओइवा रेघ बघायचा. रेघ सपाट असायची.

एकतीस डिसेंबरला यंत्र थांबवलं. झोपड्या तौनोने विकत घेतल्या. तांब्याच्या खिळ्यांची भिंत सॉनाला, वाफेच्या न्हाणीला, फार चांगली, असं तो म्हणतो.

पुढच्या शरदात ओइवा बसमध्ये आला. कचेरी गेल्यामुळे त्याला पत्रं माझ्या बसमधल्या कंप्युटरवरच बघावी लागत. हिल्मा मागे पुस्तकं चाळत होती. कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठातल्या एका मुलीचं पत्र होतं. तिने लिहिलं होतं की वादळांच्या काळात शेपूट पृथ्वीच्या किती जवळ येऊन तुटतं, यावर ती काम करते आहे. त्या फेब्रुवारीतल्या वादळाची सगळ्यांत चांगली नोंद तिला कोर्पीयोकीची मिळाली आहे. पण तिथे संध्याकाळी काही मिनिटं कोरी आहेत, आणि मागे दर गुरुवारी तशीच. हे कशामुळे? आणि बाकीच्या आकड्यांवर तिने विसंबावं का? या उत्तरावर तिचा पुढचा सगळा प्रबंध उभा आहे.

ओइवाने चष्मा पुसला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तो टाइप करू लागला. हिल्मा त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"माझं नाव घाल," ती म्हणाली.

त्याने ते घातलं. पत्र दोन ओळींचं झालं. त्या वेळी यंत्राजवळ हिल्मा पोर्ती यांचं पातेलं होतं. बाकी सगळं खरं आहे.